रोजच्या खरेदीवरचा जीएसटी: बिल वाचायचे कसे आणि हिशेब करायचा कसा?

वैजूताई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाच्या बैठकीत गेल्या आठवड्यात एक विषय निघाला आणि तो काही केल्या संपेना. गटातल्या एका मावशींनी सुपरमार्केटचे बिल आणले होते. तळाशी सीजीएसटी, एसजीएसटी असे आकडे होते. मावशींचे म्हणणे, "सामानाचे पैसे घेतलेच, वर हा कर वेगळा लावला." बेरीज करून दाखवली तेव्हा पटले की वेगळे काही घेतलेले नाही. मग पुढचा प्रश्न आला: आकडा वेगळा घेतला नाही, तर तो छापलाय कशाला, आणि आला कुठून?

त्याच बिलावरून सांगते.

तांदूळ, ५ किलोची बंद पिशवी: ४२५ रु. (५ टक्के)
टूथपेस्ट: १३० रु. (५ टक्के)
कपड्यांची पावडर: २४० रु. (१८ टक्के)
भाजी: ८५ रु. (कर नाही)
वह्या: ६० रु. (कर नाही)
एकूण ९४० रु.

पाकिटावर जी किंमत छापलेली असते ती सर्व करांसहित असते. म्हणजे पावडरीच्या २४० रुपयांतच कर बसलेला आहे. तो काढताना बहुतेक जण २४० चे १८ टक्के करतात आणि ४३.२० काढतात. पण कर २४० वर लागत नाही, कर मिळवून २४० होतात. मूळ किंमत १०० धरली तर करासह ११८. म्हणून २४० ला १८ ने गुणायचे आणि ११८ ने भागायचे. कर ३६.६१, मूळ किंमत २०३.३९. तांदळात २०.२४ आणि टूथपेस्टमध्ये ६.१९. तिन्ही मिळून ६३.०४, त्यातला निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. बिलाच्या तळाशी हेच दोन भाग छापलेले होते. पैशा-दोन पैशांचा फरक संगणकाच्या गोळाबेरजेत होतो, त्याने घाबरायचे कारण नाही.

हे कळल्यावर बायकांचे चेहरे खुलले आणि प्रश्नांचा पाऊस पडला. हॉटेलात मात्र कर वरून का लावतात? सुट्या तांदळाला कर नाही आणि पिशवीतल्या तांदळाला का? आणि आपण गटाची लोणची विकतो, त्यावर आपण जीएसटी घ्यायचा की नाही? जाणकारांनी लिहावे. मला हे सगळे गटात वाचून दाखवायचे आहे, त्यामुळे कृपया सोप्या शब्दांत लिहा.

जमाखर्च

ताई, फार गरजेचा धागा. मी कोल्हापुरात हिशेबलेखनाची कामे करतो. शिकलेली माणसेसुद्धा हा उलटा हिशेब चुकवतात.

कॅल्क्युलेटर जवळ नसेल तर ५ टक्क्यांच्या वस्तूची करासहित किंमत सरळ २१ ने भागा. ४२५ भागिले २१, कर २०.२४. १८ टक्क्यांच्या वस्तूत शंभर रुपयांमागे सव्वापंधरा रुपये कर असतो. ४० टक्क्यांच्या वस्तूत, म्हणजे गॅसवाल्या शीतपेयांत वगैरे, किमतीच्या सात भागांतले दोन भाग कर. सोन्याला ३ टक्के.

२२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ हे टप्पे गेले. घरात लागणाऱ्या बहुतेक वस्तू आता ५ किंवा १८ मध्ये बसतात. साबणवडी, शॅम्पू, केसांचे तेल, टूथपेस्ट, बिस्किटे, फरसाण, लोणी, तूप, जॅम, सायकल आणि छत्री ५ मध्ये आली. वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि पाकीटबंद पनीर शून्यात गेले. मात्र कपड्यांची पावडर १८ मध्येच राहिली, हे ताईंच्या बिलातही दिसते आहे.

दर १८ वरून ५ झाला म्हणजे वस्तू १३ टक्क्यांनी स्वस्त व्हायला हवी, असे लोक धरून चालतात. तसे नसते. पूर्वी ११८ ला मिळणारी वस्तू १०५ ला मिळाली की पूर्ण फायदा पोचला. हा फरक ११ टक्क्यांचा. १२ वरून ५ झाले असेल तर सव्वासहा टक्के, २८ वरून १८ झाले असेल तर पावणेआठच्या थोडे वर. दुकानदाराशी वाद घालण्याआधी हे आकडे मनात ठेवा. नाहीतर प्रामाणिक दुकानदारावर उगाच संशय घेतला जातो.

सांजवेळ

जमाखर्च, २१ ने भागायची युक्ती आजच वहीत लिहून ठेवली. सुट्या तांदळाचे कोणी सांगेल का? आमचा वाणी म्हणतो, "पोत्यातला घ्या, कर नाही." खरे आहे का?

जमाखर्च

खरे आहे. १८ जुलै २०२२ पासून धान्य, डाळी, पीठ आधीच पॅक करून लेबल लावून विकले आणि पिशवी २५ किलोपर्यंतची असली, तर ५ टक्के. त्याआधी कर फक्त नोंदणीकृत ब्रँडच्या पिशव्यांवर होता. वाण्याने पोते उघडून तुमच्यासमोर तागडीत तोलून दिले तर कर लागत नाही, मग तो कागदाच्या पुड्यात देवो की पिशवीत. त्याने स्वतः कर भरून २५ किलोची पिशवी आणली आणि फोडून सुटे विकले, तरी तुमच्याकडून वेगळा जीएसटी घ्यायचा नाही. अर्थात त्याने भरलेला कर त्याच्या भावात कुठेतरी धरलेला असणारच.

रोहन_कोथरूड

मी हॉटेलच्या बिलाबद्दल लिहितो, कारण मागच्या रविवारी यावरूनच वाद झाला. खाण्याचे ६४० रुपये. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ६४. आणि या ७०४ वर ५ टक्के जीएसटी, ३५.२०. एकूण ७३९.२०. आईने विचारले, "हा सरकारचा दुसरा कर का?" वेटर म्हणाला, "हो मॅडम, गव्हर्नमेंट टॅक्स आहे." मला ते अजिबात आवडले नाही. सर्व्हिस चार्ज हॉटेलच्या खिशात जातो. सरकारचे नाव घेऊन म्हाताऱ्या माणसाकडून पैसे काढणे ही फसवणूक आहे.

मी तो काढायला सांगितला. काढल्यावर बिल ६७२ झाले. फरक ६४ चा नाही, ६७.२० चा, कारण सर्व्हिस चार्जवरचा जीएसटीही गेला.

पणजीकर

रोहन, तुम्ही केलेत ते योग्यच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येणार नाही, दुसऱ्या नावाने घेता येणार नाही आणि तो दिला नाही म्हणून ग्राहकाला प्रवेश नाकारता येणार नाही. हॉटेल संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना योग्य ठरवल्या. खूश होऊन टीप द्यायची तर ती तुमची मर्जी.

माझा संबंध हॉटेल व्यवसायाशी आहे म्हणून आणखी थोडे. साध्या रेस्टॉरंटचा दर ५ टक्के, एसी असो वा नसो. ज्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० च्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटला १८. मद्य जीएसटीत येतच नाही, त्यावर राज्याचा व्हॅट. त्यामुळे आमच्याकडे गोव्यात एकाच टेबलाच्या बिलावर दोन कर दिसतात आणि पर्यटक गोंधळतात. जेवणावर जीएसटी आणि मद्यावर व्हॅट असे वेगवेगळे दाखवलेले असेल तर बिल बरोबर आहे. मद्यावरच जीएसटी लावला असेल तर विचारा.

पाण्याच्या बाटलीवरूनही वाद होतात. दुकानात छापील किमतीच्या वर एक रुपया घेता येत नाही. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीचे तसे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तिथे ती निव्वळ विक्री नसते, त्यामुळे हॉटेलवाला जास्त लावू शकतो. ते मेनूकार्डावर आधीच पाहून घ्यावे.

माझगावकर

नमस्कार. मी विक्रीकर विभागातून निवृत्त झालो आहे. मुंबई विक्रीकर कायदा १९५९ चा, मग १ एप्रिल २००५ पासून व्हॅट, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. पहिले दोन्ही टेबलावर बसून पाहिले. पूर्वी मुलुंड-दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागायच्या आणि ती जकात मालाच्या किमतीत जिरायची. ग्राहकाला ती कधी दिसली नाही. आज निदान बिलावर आकडा दिसतो, आणि दिसतो म्हणून तपासता येतो. म्हणूनच हा धागा मला मोलाचा वाटतो.

बिलावर सर्वांत आधी काय पाहायचे? दुकानाचा जीएसटी क्रमांक. तो पंधरा अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७, गोव्याला ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन. क्रमांकच छापलेला नसेल आणि तरी कर वेगळा लावला असेल, तर तो देऊ नका. क्रमांक आहे पण शंका आहे, तर जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर' मध्ये टाका. लॉगिन लागत नाही. दुकानाचे नाव येते, नोंदणी चालू आहे की रद्द ते येते, आणि करदात्याचा प्रकार येतो.

या प्रकाराकडे नीट पाहा. तिथे 'कंपोझिशन' लिहिले असेल तर त्या दुकानदाराला ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेण्याचा अधिकार नाही. ही छोट्या व्यावसायिकांसाठीची सवलत आहे. माल विकणाऱ्यांची किंवा रेस्टॉरंटची वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर त्यांना ती घेता येते. त्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के स्वतःच्या खिशातून भरायचे, आणि बिलावर आपण कर घेण्यास पात्र नाही असे लिहायचे. गल्लीतले एखादे खानावळवजा हॉटेल कंपोझिशनमध्ये असते आणि तरी बिलात ५ टक्के लावते. तो पैसा सरकारकडे कर म्हणून जात नाही. माझ्या मते ग्राहकाची सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते आणि ओरड सर्वांत कमी होते, कारण रक्कम वीस-तीस रुपयांची असते.

कापडपेठ_इचलकरंजी

काका, छान सांगितलेत. मी कपड्यांच्या दुकानातून लिहितो. नवीन नियमात नग २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेला की थेट १८. ही २,५०० ची मर्यादा कर सोडून असलेल्या किमतीला लागते. आता हिशेब करा. २,५०० चा शर्ट ५ टक्के लावून २,६२५ ला पडतो. तोच शर्ट २,५०१ चा केला की १८ टक्के लावून २,९५१. एका रुपयाने ३२६ रुपयांची उडी! त्यामुळे २,६२५ आणि २,९५१ यांच्या मधल्या किमतीचा शर्ट खरे तर दिसायलाच नको. २,७९९ चे लेबल घ्या. १८ टक्के धरून मूळ किंमत काढली तर २,३७२ येते, म्हणजे तो ५ टक्क्यांत बसतो. ५ टक्के धरून काढली तर २,६६६ येते, म्हणजे तो १८ मध्ये जातो. हिशेब गोल फिरत राहतो. आम्ही नवीन लेबले करताना मूळ किंमत आधी ठरवली आणि हा पट्टा टाळला. चपला-बुटांनाही जोडीमागे हीच २,५०० ची रेषा आहे.

सवलत दिली तर कर सवलतीनंतरच्या किमतीवर लागतो. २,७९९ वर २० टक्के सूट म्हणजे २,२३९.२०. हा नग सरळ ५ टक्क्यांत आला, आणि कर या २,२३९.२० च्या आतच आहे, १०६.६३. काही दुकाने सूट देऊन वर "जीएसटी वेगळा" म्हणून ११२ रुपये जोडतात. देऊ नका. छापील किंमत सर्व करांसहित असते, तिच्यावर सूट दिली म्हणून कर बाहेर पडत नाही. व्हॅटच्या काळातच राष्ट्रीय ग्राहक आयोगाने असे वरून कर लावणे अनुचित ठरवले आहे. आम्ही दुकानदार आहोत म्हणूनच सांगतो, असे करणाऱ्यांमुळे सगळ्या पेठेचे नाव खराब होते.

एडिसनकर

वाचते आहे आणि अगदी उलट अनुभव आठवतो आहे. इथे न्यू जर्सीत शेल्फवरच्या किमतीत कर नसतो, तो काउंटरवर जोडतात. त्यामुळे भारतातून आलेले आईबाबा हमखास म्हणतात, "लिहिलंय एक आणि घेतलं एक." राज्याचा दर ६.६२५ टक्के. ४० डॉलरचा कुकर घेतला की २.६५ डॉलर कर, एकूण ४२.६५. इथे भागाकाराची भानगड नाही, सरळ गुणाकार. पण काय करपात्र आणि काय नाही, हे मात्र राज्यागणिक बदलते. न्यू जर्सीत घरी शिजवायचा किराणा आणि रोजचे कपडे यांवर कर नाही. चॉकलेट-गोळ्या, शीतपेये, तयार जेवण यांवर आहे. शेजारच्या डेलावेअरमध्ये विक्रीकरच नाही, म्हणून लोक तिकडे टीव्ही घ्यायला जातात. पण तो घरी आणून वापरला की न्यू जर्सीला वापरकर देणे लागते, हे फार थोड्यांना माहीत असते.

ज्यांचे आईवडील पहिल्यांदा येणार आहेत त्यांनी हे आधी सांगून ठेवा. काउंटरवर हातात मोजके पैसे घेऊन उभी असलेली आई गोंधळते, तेव्हा फार वाईट वाटते.

वैजूताई

सगळ्यांचे मनापासून आभार. एडिसनकर, शेवटचे वाक्य वाचून गलबलून आले. आमच्या लोणच्यांचे राहिले हो! गटाची वर्षाची विक्री काही लाखांतच आहे, सगळी महाराष्ट्रात. प्रदर्शनात एका गिऱ्हाइकाने विचारले, "जीएसटीचे बिल द्या." आम्ही नाही दिले तर ते बेकायदा का?

जमाखर्च

अजिबात नाही, ताई. फक्त माल विकणाऱ्याला आपल्याकडे वर्षाच्या ४० लाख उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख. नोंदणी नाही म्हणजे जीएसटी घ्यायचाही नाही. उलट घेतलात तर ते बेकायदा. साधे बिल द्या: गटाचे नाव, तारीख, माल, रक्कम.

पण भाव ठरवताना एक धरा. तेल आणताना तुम्ही ५ टक्के देता, काचेच्या बरण्यांवर १८. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला हा कर पुढच्या करातून वजा मिळतो, तुम्हाला मिळत नाही. तो तुमचा खर्च आहे. समजा एका बरणीला करासह २३.६० पडले, तर बरणीचा खर्च २० नाही, २३.६० धरा. अनेक गट मूळ भावाने खर्च काढतात आणि वर्षाअखेरीस नफा कुठे गेला म्हणून शोधत बसतात. बायकांच्या कष्टाचे पैसे असे जाऊ नयेत. पापडांना मात्र विकताना दर शून्यच आहे, नोंदणी असली तरी.

सांजवेळ

"बिल नको म्हणा, जीएसटी वाचेल" याचे काय? आमच्याकडे नळाचे सामान घेताना हेच ऐकले.

माझगावकर

छापील किमतीची वस्तू असेल तर त्यात तुमचे काहीच वाचत नाही, कर किमतीत आहेच. तो फक्त सरकारकडे जात नाही. आणि नळ महिन्याभरात गळला तर वॉरंटी कशावर मागणार? सोन्याच्या बाबतीत तर हा मोह अजिबात धरू नका. लाखावर तीन हजार वाचल्यासारखे वाटतात, पण मोडायला गेल्यावर शुद्धता आणि वजनावरून घासाघीस होते तेव्हा हातात कागद नसतो.

रोहन_कोथरूड

काका, तत्त्व मान्य. पण छोट्या दुकानदाराला विवरणपत्रे, सॉफ्टवेअर आणि सल्लागाराची फी हे सगळे झेपत नाही हेही खरे आहे. सगळेच चोर नसतात.

माझगावकर

नसतातच. म्हणून तर ४० लाखांची सूट आणि कंपोझिशन आहे. ज्याला झेपत नाही त्याने त्यात राहावे आणि ग्राहकाकडून कर घेऊ नये. माझा राग कर गोळा करून खिशात घालणाऱ्यांवर आहे.

मुग्धा_नाशिक

माझा ताजा प्रश्न. पार्लरमध्ये १,५०० चे काम झाले आणि बिल १,७७० लावले, १८ टक्क्यांनी. मी ऐकले होते की आता ५ टक्के आहे. विचारले तर म्हणाल्या, "आमचे सॉफ्टवेअर जुने आहे."

जमाखर्च

२२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लर, सलून, जिम यांना ५ टक्केच. बिल १,५७५ व्हायला हवे होते, १९५ रुपये जास्त गेले. सॉफ्टवेअर जुने असणे हे ग्राहकाच्या माथी मारायचे कारण नाही. आधी काकांनी सांगितले तसे बिलावरचा क्रमांक पोर्टलवर टाकून पाहा.

मुग्धा_नाशिक

टाकला. नाव बरोबर आले, पण पुढे 'कॅन्सल्ड' दिसते आहे. रद्द झाल्याची तारीख माझ्या बिलाच्या आधीची आहे.

माझगावकर

मग प्रश्न १८ की ५ चा राहिलाच नाही. रद्द नोंदणीवर एक रुपयाही कर घेता येत नाही, पूर्ण २७० रुपये परत मागा. बिल आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा. पार्लरला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले तरी नोंद राहते. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, आणि राज्याच्या वस्तू व सेवा कर विभागाच्या नाशिक कार्यालयात बिलाची प्रत देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.